कोलेस्टायरामिनची पुडी आणि गच्च झालेलं पोट

प्रश्न : वय ५४, वजन ६२ किलो. दोन वर्षांपूर्वी पीबीसी म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलान्जायटिसचं (यकृतातल्या पित्तनलिकांच्या आजाराचं) निदान झालं. फायब्रोस्कॅनमध्ये (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) सिरॉसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होणं, नाही. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या ३०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज घेते, थायरॉइडची ७५ मायक्रोग्रॅमची गोळी आहे, कॅल्शियम आहे, आठवड्याला व्हिटॅमिन डी. तळहात-तळपायांना रात्री इतकी खाज यायची की झोप लागत नव्हती, म्हणून दीड महिन्यापूर्वी डॉक्टरांनी कोलेस्टायरामिनची पुडी दिवसातून दोनदा सुरू केली. विसरायला नको म्हणून सकाळच्या चहाबरोबर सगळ्या गोळ्या आणि एक पुडी अर्ध्या कपात कालवून घेते, दुसरी पुडी रात्री गोळ्यांबरोबर. खाज थोडी कमी आहे, पण तीन-तीन दिवस शौचाला होत नाही, पोट फुगतं, मळमळतं, थकवा वाढलाय. जाऊबाई म्हणतात, हे औषध विष ओढून काढतं, विष निघताना त्रास व्हायचाच, सोसा. मधे दोनदा एरंडेल घेतलं. पुडी बंद करू का? आणि माझे सोमवार आणि चतुर्थी असतात, त्या दिवशी काय करायचं?

उत्तर :

ताई, पुडी आज बंद करू नका, पण ती आज घेताय तशीही घेऊ नका. तुमच्या पत्रातला बहुतेक त्रास औषधापेक्षा ते घेण्याच्या पद्धतीमुळे आहे. थकव्याचं कारणही बहुधा तिथेच आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी जाऊबाईंच्या म्हणण्याचा निकाल लावू, कारण ‘सोसा’ हा सल्ला इथे धोक्याचा आहे. कोलेस्टायरामिन ही एक राळ आहे. ती पोटातून रक्तात जातच नाही. तोंडाने घेतली की आतड्यातून तशीच पुढे सरकते आणि शौचावाटे बाहेर पडते. वाटेत ती पित्ताम्लांना धरून ठेवते. (ॲसिडिटी झाली की आपण ‘पित्त झालं’ म्हणतो ते हे नव्हे, इथे पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा पाचक रस, आणि त्यातली आम्लं ती पित्ताम्लं.) एरवी आतड्यात उतरलेल्या पित्ताम्लांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषली जाऊन यकृताकडे परततात. पीबीसीत पित्ताचा निचरा नीट होत नाही आणि खाज सुटवणारे घटक अंगात साचतात. पित्ताबरोबर आतड्यात उतरलेला जो घटक राळेला चिकटला, त्याचा परतीचा रस्ता बंद होतो.

विषबाधेत हे औषध वापरलं गेलं आहे, त्यामुळे जाऊबाईंचं बोलणं अगदी हवेतलं नाही. १९७५ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातल्या होपवेल इथे कीटकनाशकाच्या कारखान्यातल्या कामगारांना क्लोरडेकोनची बाधा झाली होती. कोलेस्टायरामिन दिल्यावर ते विष शरीरातून लवकर बाहेर पडतं, हे १९७८ मध्ये प्रसिद्ध झालं. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसवरचं लेफ्लुनोमाइड शरीरातून घाईने काढायचं असेल, तर आजही ८ ग्रॅम कोलेस्टायरामिन दिवसातून तीनदा, असं ११ दिवस देतात. पण ही दोन्ही रसायनं पित्तातून आतड्यात येतात आणि पुन्हा शोषली जातात, म्हणून राळेच्या तावडीत सापडतात. सगळी विषं ओढून काढणारं औषध ते नाही. बद्धकोष्ठतेचा तर विष निघण्याशी काहीच संबंध नाही. मोठ्या आतड्यात पोचणारी मोकळी पित्ताम्लं तिथे पाणी सोडायला लावतात आणि मळ मऊ ठेवतात. राळेने ती बांधून टाकली की मळ कोरडा होतो, वर राळेचा स्वतःचा चोथा त्यात मिसळतो. त्रास जास्त म्हणजे गुण जास्त, असं काही नाही. दुखलं-खुपलं की ‘हर्क्स’ म्हणून समजूत घालणारेही भेटतात. यारिश आणि हेर्क्सहायमर या डॉक्टरांनी वर्णन केलेली ती प्रतिक्रिया सिफिलिससारख्या संसर्गात उपचाराने जंतू मरताना येते. आतड्यातून नुसत्या सरकत जाणाऱ्या राळेला ती लागू होत नाही.

आता वेळांकडे. तुमच्या प्रकरणाची खरी मेख इथे आहे.

राळ पित्ताम्लांना धरते तशीच शेजारी आलेल्या गोळ्यांनाही धरते. अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड (थोडक्यात अर्सो) हे तर स्वतःच एक पित्ताम्ल. पुडीबरोबर घेतलं की त्याचा बराच भाग वाया जातो. थायरॉइडच्या गोळीचंही तेच. म्हणजे दीड महिना तुम्ही दोन्ही गोळ्या गिळताय, पण अंगी किती लागल्या याचा भरवसा नाही. थायरॉइड कमी पडलं की थकवा येतो आणि बद्धकोष्ठताही होते. म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी आत्ताच करून घ्या; थायरॉइड कमी पडलं की तिचा आकडा वाढतो. तो वाढलेला आला तर गोळीचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना सांगा, की दीड महिना ही गोळी पुडीबरोबर घेतली जात होती. नाहीतर डोस वाढेल, मग तुम्ही वेळा सुधाराल आणि थायरॉइड उलट जास्त होईल, धडधड सुरू होईल. हीच गोष्ट यकृताच्या तपासणीची. त्यातलं अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताचा निचरा अडला की वाढणारं एन्झाइम) वाढलेलं दिसलं तर ‘अर्सो लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढण्याआधी हा घोळ डॉक्टरांच्या कानावर असायला हवा.

सर्वसाधारण नियम असा : दुसरं कोणतंही औषध पुडीच्या किमान १ तास आधी किंवा ४ ते ६ तासांनी. अर्सो आणि थायरॉइडच्या बाबतीत पुडीच्या दोन्ही बाजूंना ४ तास मोकळे हवेत. रक्त पातळ करणारं वॉरफेरिन, डिगॉक्सिन, प्रोप्रॅनोलॉल, लघवी वाढवणाऱ्या थायझाइड गोळ्या, गर्भनिरोधक गोळ्या, स्टॅटिन, लोहाच्या गोळ्या, टेट्रासायक्लिन ही या राळेत अडकणारी ठळक औषधं. साधं पॅरासिटामॉलसुद्धा पुडीनंतर तासाभरात घेतलं तर कमी लागू पडतं.

पुडी रात्री घेण्यात फारसा फायदा नाही. रात्रभर पित्त पित्ताशयात साठतं आणि सकाळच्या पहिल्या खाण्याबरोबर एकदम आतड्यात उतरतं. राळ त्या वेळी तिथे हवी. म्हणून खाजेसाठी पहिली पुडी नाश्त्याच्या आधी आणि दुसरी नाश्त्यानंतर, अशी रीत आहे. पित्ताशय काढलेलं असेल तर या वेळेचं महत्त्व कमी होतं. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणून ते आहे असं धरतो.

तुमचा दिवस साधारण असा बसेल. साडेसातला पहिली पुडी. आठला पोहे, उपमा, भाकरी, जे असेल ते. साडेआठला दुसरी पुडी. दुपारी एकला जेवणाबरोबर अर्सोची एक गोळी आणि कॅल्शियम, आठवड्याच्या ठरलेल्या वारी व्हिटॅमिन डीही तेव्हाच. रात्री आठला जेवणाबरोबर अर्सोच्या दोन. थायरॉइडची गोळी रात्री अकराला, झोपताना, नुसत्या पाण्याबरोबर. ती सकाळी उपाशीपोटीच घ्यायची असं आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. खरी अट पोट रिकामं असण्याची आहे, आणि रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी ती पुरी होते. हा बदल डॉक्टरांना विचारून करा आणि त्यानंतर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. रात्री अकरापर्यंत जागणं जमत नसेल तर जेवण सातला घ्या, गोळी दहाला.

डोसबद्दल. पाकिटावर पावडरीचं एकूण वजन आणि औषधाचं वजन वेगळं असू शकतं, कारण चवीसाठी साखर किंवा इतर काही मिसळलेलं असतं. पाहायचं ते ‘कोलेस्टायरामिन ४ ग्रॅम’. तुम्ही एकदम रोज ८ ग्रॅमवर गेलात, पोट बिथरायचं ते त्यामुळेच. डॉक्टरांना फोन करून खाली उतरायची परवानगी घ्या : आठवडाभर फक्त नाश्त्याआधी अर्धी पुडी, म्हणजे २ ग्रॅम. पोट साफ राहिलं तर पुढचा आठवडा नाश्त्याआधी अर्धी, नंतर अर्धी. मग आधी एक, नंतर अर्धी. मग एक-एक. ज्या पायरीवर खाज आटोक्यात येईल तिथेच थांबायचं. खाजेसाठी दिवसाला १६ ग्रॅमपर्यंत देतात, पण ती मर्यादा आहे, तिथपर्यंत पोचायलाच हवं असं नाही. उरलेली अर्धी पुडी घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत ठेवा. पावसाळ्यात उघडी राहिली तर गोळे होतात. रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण देऊन वहीत मांडा आणि शेजारी शौचाला झालं का तेही लिहा. कोणती पायरी योग्य हे त्या दोन रकान्यांवरूनच कळतं.

कालवण्याची पद्धतही बदला. अर्ध्या कपात ती चिखलासारखी होते, घशाला चिकटते आणि मळमळ तिथूनच सुरू होते. एका पुडीला निदान १५० ते १८० मिलिलिटर, म्हणजे पाऊण ग्लास थंड पाणी किंवा पातळ ताक घ्या. पावडर वरून भुरभुरा, एक-दोन मिनिटं तशीच भिजू द्या, मग ढवळा. आधीच जोरात ढवळलं तर गुठळ्या होतात आणि फेस येतो. ती विरघळत नाही, तिचे कण तरंगतच राहतात. त्यात पुडीचा दोष नाही. प्यायल्यावर ग्लासात पुन्हा थोडं पाणी घालून विसळा आणि तेही प्या, तळाशी बराच भाग राहिलेला असतो. कोरडी पावडर तोंडात टाकून वर पाणी हा प्रकार कधीही करू नका, अन्ननलिकेत अडकू शकते. चहासारख्या गरम पेयात नको, सोड्यात तर नकोच. रात्रीच कालवून फ्रिजमध्ये ठेवली तर कण फुगून मऊ होतात आणि रवाळपणा बराच कमी लागतो. अनेकांना एवढ्यानेच पुडी घेववते. पपईच्या किंवा आंब्याच्या गरातही चालते, मधुमेह असेल तर गोडाचा हिशेब धरून. मात्र घोट-घोट करत अर्धा तास लावू नका. हे मिश्रण तोंडात रेंगाळलं की दातांवर डाग पडतात, वरचं आवरण झिजतं. सलग प्या आणि चूळ भरा. स्ट्रॉने हवा गिळली जाते, पोट फुगणाऱ्याने ती टाळलेली बरी.

आता मुख्य तक्रार. आज तीन दिवस झालेले असतील तर आधी पोट मोकळं करा, पुडीची पुढची पायरी नंतर. पॉलिएथिलीन ग्लायकॉल १७ ग्रॅम ग्लासभर पाण्यात, दिवसातून एकदा. तुमचं पोट आधीच फुगलेलं असल्याने लॅक्टुलोजपेक्षा हे बरं, कारण लॅक्टुलोज आतड्यात आंबतं आणि वायू वाढवतं. (सिरॉसिस असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना लॅक्टुलोजच पसंत करतात. त्यांच्यात बद्धकोष्ठतेने गुंगी, गोंधळ, दिवसा झोप-रात्री जाग असा यकृताचा मेंदूवरचा परिणाम सुरू होऊ शकतो, म्हणून त्यांनी दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.) एरंडेल सोडा. त्याने आतड्याला मुरडा येऊन एकदा जुलाब होतात आणि पुढचे दोन दिवस पुन्हा काहीच नाही. 

रोजसाठी इसबगोल चांगलं, पण त्याचीही जागा ठरलेली हवी. तेही गोळ्यांचं शोषण कमी करू शकतं, थायरॉइडच्या गोळीचंही. झोपताना इसबगोल ही घरोघरची सवय तुमच्या नव्या वेळापत्रकात बसत नाही. संध्याकाळी पाचला एक चहाचा चमचा, मोठ्या ग्लासभर पाण्यात, लगेच पिऊन टाकायचं. पाणी कमी पडलं तर इसबगोलच आतड्यात बूच बनतं. दिवसभरात दोन-सव्वादोन लिटर पाणी, जर हृदय, मूत्रपिंड किंवा पोटातल्या पाण्यासाठी डॉक्टरांनी मर्यादा घातलेली नसेल तर. आहारात ज्वारी-बाजरीची भाकरी, सालीसकट मूग, पालेभाजी, पपई. हे सगळं एकदम वाढवू नका, नाहीतर वायूचा दोष पुन्हा पुडीवर जाईल.

आणखी दोन छुपे अपराधी पाहा. कॅल्शियम कार्बोनेट स्वतः पोट बांधतं. गोळी तीच असेल तर सायट्रेट चालेल का ते विचारा. दुसरं, खाजेसाठी कोणी हायड्रॉक्सिझिन किंवा क्लोरफेनिरामिन दिलं असेल तर तेही आतडं सुस्त करतं. या खाजेवर त्या गोळ्यांचा उपयोग गुंगी येऊन झोप लागण्यापुरताच.

मळमळ आणि ढेकर बहुतेकदा डोस अर्ध्यावर आणला आणि पाणी वाढवलं की आठवड्यात उतरतात. ‘यकृताचं टॉनिक’ म्हणून काढे सुरू करू नका, आणि गुळवेल तर मुळीच नको. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनीच प्रसिद्ध केल्या आहेत. पीबीसी हा मुळात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटण्याचा आजार, तिला डिवचण्यात शहाणपण नाही.

पुडी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे ते अशा वेळी : शौच बंद आणि जोडीला पोटात कळ किंवा उलटी, वायूही न सरणं, काळा मळ, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त, न आपटता अंगावर निळे डाग, डोळे नव्याने पिवळे होणं.

रक्ताचा उल्लेख आला त्याचं कारण व्हिटॅमिन के. पित्ताम्लांशिवाय चरबी नीट पचत नाही आणि चरबीबरोबर शोषली जाणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडतात. पीबीसीत ती आधीच काठावर असतात, वर पुडी. के कमी झालं की रक्त गोठायला उशीर होतो, ते पीटी-आयएनआर या साध्या तपासणीत दिसतं. ए कमी झालं तर अंधुक उजेडात दिसेनासं होतं. पुडी काही महिने चालणार असेल तर पीटी-आयएनआर आणि व्हिटॅमिन डीची पातळी आता एकदा आणि नंतर डॉक्टर सांगतील तशी करून ठेवा. दात काढायचा असेल किंवा कसलीही शस्त्रक्रिया असेल, तर पीटी-आयएनआरशिवाय होकार देऊ नका. लांबच्या वापरात फॉलिक ॲसिड कमी होऊ शकतं आणि ट्रायग्लिसराइड वाढू शकतात, त्यावरही नजर हवी.

नीट वेळा पाळून, पुरेशा डोसवर दोन आठवडे झाले आणि वहीतला खाजेचा आकडा हललाच नाही, तर पुडीशी झगडत बसायचं कारण नाही. पुढचं औषध सहसा रिफॅम्पिसिन असतं. क्षयरोगातलं तेच, पण इथे १५० ते ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. त्याने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरायचं नाही. यकृताची तपासणी मात्र पहिल्या काही आठवड्यांतच परत करावी लागते, आणि थायरॉइडची गरजही त्याने वाढू शकते. त्यापुढे नॅलट्रेक्सोन, सर्ट्रालिन हे पर्याय आहेत. चव आणि रवाळपणा हीच अडचण असेल, तर याच जातीचं कोलेसेव्हेलाम गोळीच्या रूपात येतं, त्याबद्दल विचारता येईल.

राहिले तुमचे सोमवार आणि चतुर्थी. पुडी घड्याळाला बांधलेली नाही, दिवसाच्या पहिल्या खाण्याला बांधलेली आहे. सोमवारी सकाळी दूध-केळं घेत असाल तर तोच नाश्ता धरा आणि पुड्या त्याच्या आधी-नंतर. पहिलं खाणं अकराला असेल तर पुड्या साडेदहा आणि साडेअकराला, आणि दुपारची अर्सोची गोळी साडेतीननंतर. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत काहीच खात नसाल, तर त्या दिवशी पुडी घेऊ नका. एक दिवस चुकल्याने बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून दुप्पट मात्र नको. अर्सो आणि थायरॉइडच्या गोळ्या उपवासालाही चुकवायच्या नाहीत. साबुदाण्यात चोथा जवळजवळ नसतो, आणि तुमच्या पोटाला तो सध्या दगडासारखा बसेल. वरीचे तांदूळ, राजगिरा, रताळं, काकडीची कोशिंबीर आणि भरपूर ताक घ्या. इसबगोल उपवासाला चालत नसेल तर त्या संध्याकाळी पॉलिएथिलीन ग्लायकॉल घ्या.